गणित शिक्षकांच्या प्रशिक्षणात व्हिडिओ कसा वापरायचा: नवख्या सुलभकांसाठी

गणिताच्या शिक्षकांचं प्रशिक्षण चालवायची जबाबदारी पहिल्यांदा अंगावर आली, की बहुतेक सुलभक आधी साहित्य गोळा करायला लागतात. चांगले व्हिडिओ, रंगीत स्लाइड, एखादं नवं अॅप. सत्राच्या दिवशी हे सगळं एकामागून एक दाखवलं जातं, शिक्षक शांतपणे बघतात, छान होतं म्हणतात, आणि वर्गात परतल्यावर वजाबाकी आधी शिकवायचे तशीच शिकवतात. साहित्य बहुतेक वेळा चांगलंच असतं. पण ते बघण्याआधी शिक्षकांच्या मनात कोणताही प्रश्न उभा केलेला नसतो, आणि बघून झाल्यावर त्यावर कोणाला काही करायला लागलेलं नसतं.

या लेखात मी व्हिडिओवर सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण गणिताच्या प्रशिक्षणात सर्वाधिक उपयोगी आणि सर्वाधिक वाया जाणारं माध्यम तेच आहे. सोबत वह्यांचे फोटो, जिओजेब्रासारखी पडद्यावर आकृत्या हलवून पाहायची साधनं आणि शिक्षकांनी स्वतः केलेलं चित्रण यांचाही विचार करू.

आधी हे ठरवा: व्हिडिओ कशासाठी

नवख्या सुलभकाला वाटतं की व्हिडिओ म्हणजे आदर्श पाठ. उत्तम शिक्षक, शिस्तीत बसलेली मुलं, सुबक फळा. असा पाठ दाखवला की दोनच गोष्टी घडतात. काही शिक्षक त्यातल्या वरवरच्या गोष्टी उचलतात, उदाहरणार्थ गट करून बसवणं. बाकीचे म्हणतात, "आमच्या वर्गात हे चालणार नाही." दोन्हींत गणिताची चर्चा होतच नाही.

व्हिडिओची खरी ताकद म्हणजे तो थांबवता येतो. वर्गात मूल काहीतरी बोलतं, शिक्षकाला क्षणभरात उत्तर द्यावं लागतं, मागून कोणीतरी हाक मारतं आणि तो क्षण हातातून जातो. व्हिडिओत तोच क्षण पुन्हा पाहता येतो. मूल नेमकं काय म्हणालं, त्या बोलण्यामागे कोणतं गणित होतं, शिक्षकाने काय विचारलं आणि आणखी काय विचारता आलं असतं, यावर शांतपणे विचार करता येतो.

शिक्षक-प्रशिक्षणात व्हिडिओ आला तो आधी कौशल्यांच्या सरावासाठी. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापनाची पद्धत सुरू झाली: मोजक्या विद्यार्थ्यांसमोर छोटा पाठ घ्यायचा, त्याचं चित्रण पाहायचं, सुधारणा करून पुन्हा शिकवायचं. तिथे लक्ष शिक्षकाच्या वागण्यावर होतं. १९८६ मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी वेगळा मुद्दा मांडला. विषय येणं वेगळं, शिकवण्याच्या क्लृप्त्या येणं वेगळं, आणि तो विशिष्ट विषय मुलांपर्यंत कसा पोचवायचा याचं ज्ञान आणखी वेगळं. पुढे डेबोरा बॉल आणि मॅग्डालीन लॅम्पर्ट या गणित शिकवणाऱ्या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८९-९० या शालेय वर्षात स्वतःच्या गणिताच्या वर्गांची वर्षभर नोंद ठेवली. पाठांचं चित्रण, मुलांच्या वह्या, शिक्षिकेची रोजनिशी, सगळं एकत्र. शिक्षक होऊ घातलेले विद्यार्थी संगणकावर ते उलटसुलट चाळत आणि त्यातून स्वतःचे प्रश्न शोधत.

बहुमाध्यम या शब्दाचा प्रशिक्षणातला चांगला अर्थ मला त्या कामात दिसतो. एकाच प्रसंगाकडे तीन बाजूंनी पाहायचं: मूल काय बोललं, त्याने वहीत काय लिहिलं, आणि शिक्षिकेच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं.

पायरी १: गणिताचा एकच मुद्दा धरा

साहित्य शोधायला बसण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा. "अपूर्णांक" हे वाक्य नव्हे, "अपूर्णांकाने भागणं म्हणजे काय" हे वाक्य. दोन-अडीच तासांच्या सत्राला एवढा मुद्दा भरपूर होतो.

मुद्दा निवडताना मुलांची ठराविक चूक डोळ्यांसमोर ठेवली की काम सोपं होतं. नेहमी भेटणाऱ्या काही चुका अशा:

- ०.४५ हे ०.६ पेक्षा मोठं, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे.
- १/२ + १/३ = २/५, म्हणजे अंशांची बेरीज वर आणि छेदांची बेरीज खाली.
- ५२ − २७ = ३५, कारण एककाच्या घरात लहानातून मोठा जात नाही म्हणून मोठ्यातून लहान वजा केला.
- ८ + ४ = □ + ५ या चौकटीत १२. बरोबरचं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिहा" असा अर्थ मुलाने घेतलेला असतो.

या प्रत्येक चुकीमागे मुलाचा काहीएक तर्क आहे. तो तर्क शिक्षकांना दिसावा, एवढंच सत्राचं उद्दिष्ट ठेवलं तरी पुरे.

मुद्दा ठरला की आधी तुम्ही स्वतः तो गणिताने तपासा. गणित-शिक्षणाच्या संशोधक लिपिंग मा यांनी अमेरिका आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण दिलं आणि त्यावर शाब्दिक उदाहरण तयार करायला सांगितलं. २३ अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांचं उत्तर बरोबर आलं, आणि शाब्दिक उदाहरण रचताना तर जवळजवळ सगळेच अडले. ७२ चिनी शिक्षकांपैकी सगळ्यांचं उत्तर बरोबर होतं आणि बहुतेकांना योग्य उदाहरणही रचता आलं. अडलेल्यांपैकी अनेकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागण्याची गोष्ट रचली होती.

सत्राआधी तुम्हीही हेच करून पाहा. पावणेदोन मीटर दोरीचे अर्ध्या मीटरचे किती तुकडे होतील? साडेतीन. हा साडेतीनातला अर्धा म्हणजे काय? अर्धा मीटर नाही, अर्धा तुकडा, म्हणजे पाव मीटर. शिक्षक तुम्हाला नेमकं इथेच अडवतील. त्याचं उत्तर तुमच्याकडे चित्रासह तयार असलं पाहिजे.

पायरी २: मुद्द्याला साजेसं माध्यम निवडा

सगळं व्हिडिओनेच करायचं कारण नाही.

एकट्या मुलाशी बोलतानाची क्लिप सर्वांत मोलाची. मूल गणित सोडवतंय, मोठी व्यक्ती "हे कसं केलंस?" एवढंच विचारतेय, आणि कॅमेरा वहीवर आहे. अशा दोन-तीन मिनिटांत मुलाचा विचार जितका स्पष्ट दिसतो तितका अख्ख्या तासाच्या चित्रणात दिसत नाही. नवख्या सुलभकाने सुरुवात इथूनच करावी.

वर्गातल्या चर्चेची क्लिप दाखवायची ती मुलं एकमेकांची मतं कशी खोडतात आणि शिक्षक त्यात कधी पडतो, कधी गप्प राहतो हे पाहण्यासाठी. ती चालवणं अवघड असतं, कारण पडद्यावर एका वेळी बरंच काही घडत असतं. दोन-तीन सत्रांचा सराव झाल्यावर हाती घ्या.

वह्यांचे फोटो सर्वांत सोपे, आणि त्यांच्याकडे उगाच दुर्लक्ष होतं. एकाच उदाहरणाची सहा मुलांची सहा उत्तरं एका पानावर मांडा आणि शिक्षकांना त्यांची वर्गवारी करायला सांगा. यात चर्चा इतकी रंगते की प्रोजेक्टर लावायची गरजच पडत नाही.

अॅनिमेशन आणि समजावून सांगणारे व्हिडिओ शिक्षकांची स्वतःची संकल्पना पक्की करायला चांगले. पण शिकवायचं कसं हे त्यांतून फारसं कळत नाही, कारण त्यांत मूलच नसतं.

जिओजेब्रासारखी हाताळायची साधनं वेगळ्या जातीची आहेत. त्यांच्यावर पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

पायरी ३: क्लिप निवडा

क्लिप लहान असू द्या. तीन ते पाच मिनिटं. दहा मिनिटांच्या पुढे गेलात तर शिक्षकांना शेवट आठवतो आणि मधलं गणित विसरतं.

क्लिप पाहताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. मुलाचा आवाज नीट ऐकू येतो का? मुलाचा विचार कुठे दिसतो का, की फक्त उत्तर ऐकू येतं? आणि ही क्लिप पाहून दोन समंजस शिक्षकांचं मत वेगळं होऊ शकेल का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्या क्लिपवर सगळ्यांचं लगेच एकमत होतं तिच्यावर चर्चा होत नाही, मान्यता होते.

उत्तम उदाहरण म्हणजे डेबोरा बॉल यांच्याच तिसरीच्या वर्गातला जानेवारी १९९० मधला प्रसंग. संशोधनात शॉन या टोपणनावाने ओळखला जाणारा मुलगा म्हणाला की सहा ही संख्या समही असू शकते आणि विषमही. त्याचं कारण होतं: सहात दोनाच्या तीन जोड्या आहेत, आणि तीन विषम आहे. शिक्षिकेने त्याला चूक म्हणून थांबवलं नाही. वर्गातली एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, मग दहालाही तेच म्हणावं लागेल, कारण दहात पाच जोड्या आहेत. शॉनला तेही पटलं! पुढे त्या वर्गाने अशा संख्यांना त्याचंच नाव दिलं: २, ६, १०, १४ आणि पुढे, म्हणजे चाराने भागल्यावर दोन उरतात अशा संख्या.

या प्रसंगावर शिक्षकांमध्ये हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, शिक्षिकेने लगेच सुधारायला हवं होतं, आता इतर मुलांचा गोंधळ उडेल. दुसरा म्हणतो, मुलाने एक नवा संख्यागट शोधला, तो कसा दाबायचा? आणि या वादात शिरताना दोघांनाही एक गोष्ट करावीच लागते, ती म्हणजे सम संख्येची व्याख्या नेमकी काय हे ठरवणं. क्लिप निवडायची ती अशी, की वाद मिटवायला गणितच लागेल.

मोठ्या संग्रहांमधूनही साहित्य मिळतं. १९९५ च्या टिम्स (गणित आणि विज्ञान शिक्षणाची आंतरराष्ट्रीय पाहणी) व्हिडिओ अभ्यासात जर्मनी, जपान आणि अमेरिका इथल्या आठवीच्या गणिताच्या २३१ पाठांचं चित्रण झालं. १९९९ च्या पुढच्या फेरीत सात देशांमधले ६३८ पाठ अभ्यासले गेले, आणि त्यांपैकी काही पाठ सर्वांना पाहण्यासाठी खुले झाले. या दुसऱ्या फेरीतलं एक निरीक्षण सुलभकाने मनात ठेवावं. संकल्पनांची सांगड घालायला लावणारी उदाहरणं अमेरिकी वर्गांतही दिली जात होती. पण शिकवता शिकवता शिक्षक ती जवळजवळ सगळी नुसत्या आकडेमोडीत उतरवत होते. उदाहरण पुस्तकातलं कितीही चांगलं असो, फळ्यावर येईपर्यंत त्याचं काय होतं हे व्हिडिओशिवाय कळत नाही.

निवडलेल्या क्लिपसोबत एक पान तयार करा. इयत्ता कोणती, आधीच्या तासाला काय झालं होतं, मुलांसमोर उदाहरण कोणतं होतं. आणि दुसऱ्या बाजूला क्लिपमधला संवाद शब्दशः लिहून, ओळींना क्रमांक देऊन. हा लिखित संवाद कंटाळवाणा वाटतो, पण चर्चेत "सातव्या ओळीत ती काय म्हणते बघा" असं म्हणता येतं तेव्हा सगळं बोलणं जमिनीवर येतं.

पायरी ४: स्वतः चित्रण करायचं असेल तर

साधा फोन पुरतो. पण आवाज चांगला हवा. चित्र थोडं हललं तरी चालतं, मुलाचं बोलणं ऐकू आलं नाही तर क्लिप निरुपयोगी. एक फोन स्टँडवर ठेवून चित्रण करा आणि दुसरा मुलाच्या बाकावर ठेवून फक्त आवाज टिपा. सुरुवातीला एकदा टाळी वाजवा, म्हणजे नंतर दोन्ही नोंदी जुळवताना ती खूण सापडते.

कॅमेरा खिडकीकडे पाठ करून ठेवा, नाहीतर मुलं काळ्या सावल्यांसारखी दिसतात. पूर्ण वर्ग टिपायचा मोह टाळा. एक बाक, एक वही, दोन मुलं एवढं धरा. आणि लिहिताना हात दिसला पाहिजे. पूर्ण झालेल्या उत्तरावरून जे कळत नाही ते लिहिण्याच्या क्रमावरून कळतं: आधी दशक वजा केले की एकक, कुठे खोडलं, बोटांवर काय मोजलं.

परवानगी हा उपचार समजू नका. पालकांना लेखी विचारा, मुलालाही त्याला समजेल अशा शब्दांत विचारा, आणि त्याने नको म्हटलं तर आग्रह करू नका. चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, कुठे ठेवणार हे आधी सांगा. अशी क्लिप फोनवरच्या गटांमध्ये पाठवायची नाही हा नियम सत्रातल्या प्रत्येकाला लागू करा. गणितात चुकलेल्या मुलाचा चेहरा गावभर फिरणं हा त्या मुलावर अन्याय आहे. शक्य तिथे चेहरा टाळून वही आणि आवाज एवढंच घ्या, प्रशिक्षणाला तेवढं पुरतं.

पायरी ५: दाखवण्याआधी शिक्षकांना गणित सोडवायला द्या

हे कधीही गाळू नका. क्लिपमधलं उदाहरण शिक्षकांसमोर ठेवा आणि तीन गोष्टी लिहायला सांगा: तुमची रीत, आणखी एक वेगळी रीत, आणि मुलं इथे कुठे चुकतील याचा अंदाज. पंधरा मिनिटं द्या. अंदाज फळ्यावर मांडा.

यामुळे क्लिप सुरू होते तेव्हा प्रत्येक जण काहीतरी शोधत असतो. आपला अंदाज खरा ठरतो का हे पाहायची उत्सुकता असते. आणि मुलाने कोणालाच न सुचलेलं काही केलं, की खोलीत जे होतं त्यासाठी वेगळी प्रेरणा द्यावी लागत नाही.

चर्चेचे नियमही आत्ताच सांगा. पडद्यावरच्या शिक्षकाला गुण द्यायचे नाहीत. "चांगलं", "वाईट", "हुशार", "कच्चा" हे शब्द काही काळ बाजूला ठेवायचे. जे म्हणायचं त्याला क्लिपमधला पुरावा द्यायचा.

पायरी ६: दोनदा दाखवा

पहिल्यांदा न थांबवता. लोकांना मुलांचे चेहरे, वर्गाची खोली, शिक्षिकेची लकब पाहून घेऊ द्या. ती उत्सुकता भागली नाही तर दुसऱ्या वेळीही लक्ष तिकडेच जातं.

दुसऱ्यांदा दाखवण्याआधी एकच प्रश्न द्या, आणि तो मुलाच्या विचारावरचा असू द्या. "पाठ कसा वाटला?" हा प्रश्न विचारलात तर पुढचा तास मतांमध्ये जाईल. समजा क्लिप ५२ − २७ या वजाबाकीची आहे; "या मुलीच्या मते दोनातून सात का जात नाहीत?" असं विचारलंत तर लोक ओळी तपासायला लागतात.

पायरी ७: चर्चा चालवा

प्रशिक्षणाचं खरं काम इथे होतं, म्हणून या पायरीवर थोडं थांबतो.

मिरियम शेरिन आणि एलिझाबेथ व्हॅन एस यांनी शिक्षकांचे व्हिडिओ-गट चालवून बराच अभ्यास केला आहे. शिक्षक ठरावीक काळाने भेटतात, एकमेकांच्या वर्गातल्या क्लिप पाहतात आणि बोलतात. सुरुवातीला सगळं बोलणं शिक्षकाबद्दल आणि वर्गशिस्तीबद्दल असतं. हळूहळू ते मुलांच्या गणिती विचाराकडे वळतं. हे वळण आपोआप येत नाही, सुलभकाला ते आणावं लागतं. त्यासाठी तीन प्रश्न याच क्रमाने विचारा: काय दिसलं? त्याचा अर्थ काय? पुढे काय कराल?

समजा क्लिपमध्ये एक मुलगी ५२ − २७ चं उत्तर ३५ काढते आणि म्हणते, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घेतले. पाच राहिले." सत्रातली चर्चा बहुधा अशी सुरू होईल:

"तिला हातच्याची वजाबाकी येत नाही. पुन्हा शिकवावी लागेल."

"बरं, मॅडम. ती नेमकं काय म्हणाली, ते वाचता का?"

"दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घेतले."

"यात तिला काय माहीत आहे असं दिसतं?"

"लहानातून मोठी संख्या जात नाही, हे माहीत आहे."

"हे तिला कुठून कळलं असेल?"

इथे बहुतेक वेळा शांतता पसरते. मग कोणीतरी हळूच म्हणतं, "आपणच सांगतो ना." ती शांतता तोडू नका. शिक्षकांना इथे दिसतं की त्या मुलीने शिकवलेला नियम इमानाने पाळला आहे. तिला न कळलेली गोष्ट दुसरीच आहे: बावन्न ही एक अख्खी संख्या आहे, पाच आणि दोन असे दोन सुटे आकडे नाहीत. मग "पुन्हा शिकवावी लागेल" या उत्तराची जागा नेमके प्रश्न घेतात. बावन्नचे दशक आणि सुटे मांडून दाखव म्हणावं का? एक दशक सोडवला तर सुटे किती होतात हे विचारावं का? की आधी उत्तराचा अंदाज विचारावा, "बावन्नातून सत्तावीस गेले तर तिसापेक्षा जास्त उरतील का?"

तिसऱ्या प्रश्नावर येताना घाई होते. लोक उपायाकडे धावतात, कारण उपाय सांगणं हा शिक्षकाचा स्वभावच आहे. त्यांना प्रेमाने मागे आणा. अर्थ नीट लागला नसताना सुचवलेला उपाय म्हणजे बहुतेक वेळा जुनीच रीत, फक्त मोठ्या आवाजात.

एखादा ज्येष्ठ शिक्षक सारखं म्हणत राहिला की "माझी मुलं असं करत नाहीत", तर वाद घालू नका. "सर, उद्या तुमच्या वर्गात हेच उदाहरण देऊन सगळ्या वह्यांचे फोटो आणता का?" असं विचारा. त्याच्याच वर्गातून आलेला पुरावा त्याला तुमच्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा लवकर पटतो.

आणखी एक छोटा प्रयोग याच क्लिपवर करता येतो. शिक्षकाने प्रश्न विचारल्यानंतर तो किती वेळ थांबतो, हे घड्याळ लावून मोजायला सांगा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की वर्गात हा वेळ साधारण एका सेकंदाएवढा असतो. तो तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. स्वतःच्या चित्रणात हा आकडा मोजला की त्याचा परिणाम भाषणापेक्षा कितीतरी जास्त होतो.

पायरी ८: हाताळायची साधनं शिक्षकांच्या हातात द्या

जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर २००१ मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबर्ग विद्यापीठात सुरू केलं. शाळांना ते मोफत वापरता येतं. फेट या नावाची मोफत सिम्युलेशन्स कोलोरॅडो विद्यापीठातली, नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली. अपूर्णांक, क्षेत्रफळ, आलेख यांसाठी त्यांत चांगलं साहित्य आहे.

नवखे सुलभक इथे हमखास एक गोष्ट करतात: माउस स्वतःकडे ठेवून पडद्यावर कमाल दाखवतात. शिक्षक थक्क होतात, शिकत नाहीत. दोघांत एक संगणक किंवा फोन द्या आणि तुम्ही हात मागे बांधून फिरा.

पहिलं काम म्हणून आयत काढायला द्या. बहुतेक जण अंदाजाने चार बिंदू ठेवून रेषा जोडतील. दिसायला आयतच. आता एक कोपरा ओढायला सांगा. आकृती वेडीवाकडी होते. मग विचारा, ओढल्यावरही आयतच राहावा म्हणून काय करावं लागेल? लंब काढावा लागेल, समांतर रेषा काढावी लागेल, म्हणजे आयताचे गुणधर्म आकृतीत बांधावे लागतील. आयतासारखं दिसणं आणि आयत असणं यांतला फरक शिक्षकांच्या बोटांना जाणवतो, आणि व्याख्या कशासाठी लागते हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

दुसरं काम त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचं. पाया अब स्थिर ठेवा. त्याला समांतर रेषा काढा आणि शिरोबिंदू क त्या रेषेवर ठेवा. ओढण्याआधी प्रत्येकाकडून लेखी अंदाज घ्या: क सरकवला तर क्षेत्रफळ वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील? परिमितीचं काय? मग ओढू द्या. क्षेत्रफळ हलत नाही, परिमिती बदलते, आणि क बरोबर मध्यावर आला की परिमिती सर्वांत कमी होते. क पायाच्या टोकापलीकडे गेला की उंची त्रिकोणाच्या बाहेर पडते. विशालकोन त्रिकोणाची उंची मुलांना का सापडत नाही, ते इथे शिक्षकांना उमगतं. पण अंदाज न घेता थेट ओढायला दिलंत, तर हे सगळं नुसतं हलतं चित्र राहतं.

आणि एक प्रश्न आठवणीने विचारा: पडद्यावर शंभर त्रिकोणांत क्षेत्रफळ सारखं दिसलं, मग सिद्धता कशाला? त्यावरची चर्चा माध्यमिक शिक्षकांसाठी पूर्ण सत्राची आहे.

स्वतः स्लाइड किंवा व्हिडिओ बनवत असाल तर

थोडक्यात सांगतो. रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यमांतून माणूस कसा शिकतो यावर अनेक दशकं प्रयोग केले. त्यांचे काही निष्कर्ष थेट वापरता येतात. विषयाशी संबंध नसलेली चित्रं आणि संगीत काढून टाका. जे बोलताय तेच वाक्य पडद्यावर शब्दशः लिहू नका. आकृती आणि तिच्याबद्दलचे शब्द जवळजवळ ठेवा. लांब स्पष्टीकरणाचे तुकडे करा आणि पुढे जाण्याचं बटण बघणाऱ्याच्या हातात द्या. गणितापुरतं माझं आणखी एक मत: उदाहरणाची रीत तयार स्लाइडवर एकदम दाखवू नका. हाताने, ओळीमागून ओळ लिहा. रीत कशी घडते हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे.

नेट नसेल तर

क्लिप आधी उतरवून दोन ठिकाणी ठेवा. स्पीकर स्वतःचा न्या, लॅपटॉपचा आवाज मागच्या रांगेत पोचत नाही. जिओजेब्रा नेटशिवाय चालणारं घालून ठेवा. वीजच गेली तर छापलेला संवाद आणि वह्यांचे फोटो यांवर पूर्ण सत्र होऊ शकतं. दोन शिक्षकांनी तो संवाद मुलीच्या आणि बाईंच्या भूमिकेत वाचला तर कधी कधी व्हिडिओपेक्षाही लक्ष जास्त लागतं.

पायरी ९: तालीम, मग वर्ग

चर्चा झाली म्हणजे शिकवणं बदललं असं होत नाही. त्याच सत्रात चारचार जणांचे गट करा. एकाने शिक्षक व्हायचं, एकाने क्लिपमधल्या मुलीसारखं उत्तर द्यायचं, दोघांनी ऐकायचं. शिक्षकाने फक्त पुढचा एक प्रश्न विचारायचा. संपूर्ण पाठ नाही, एकच प्रश्न. तो जमला नाही तर थांबून, शब्द बदलून पुन्हा. तोंडाने उच्चारलेला प्रश्न आणि मनात योजलेला प्रश्न यांत केवढं अंतर असतं ते इथे लक्षात येतं.

मग प्रत्येकाने आपल्या वर्गात तेच उदाहरण द्यायचं आणि एका मुलाशी तीन मिनिटं बोलतानाचं चित्रण किंवा नुसता आवाज टिपून आणायचा. पुढच्या सत्राचं साहित्य हेच. पहिली क्लिप तुम्ही स्वतःची दाखवा. सुलभकाने आपला वर्ग उघडा केला की इतरांची भीती कमी होते. आणि कोणाची क्लिप दाखवायची, कोणता भाग दाखवायचा, हे त्या शिक्षकालाच ठरवू द्या. हे चित्रण वरिष्ठांकडे जाणार नाही, मूल्यमापनात वापरलं जाणार नाही, याची हमी द्या आणि ती पाळा. ही हमी एकदा मोडली की पुन्हा कोणी खरी क्लिप आणत नाही, सगळे सजवलेले पाठ आणतात.

पायरी १०: फरक पडला का ते तपासा

प्रशिक्षण आवडलं का, हे विचारणाऱ्या अर्जातून फारसं हाती लागत नाही. त्याऐवजी पहिल्या सत्राच्या सुरुवातीला एक क्लिप दाखवून शिक्षकांना पाच ओळी लिहायला सांगा: यात तुम्हाला काय महत्त्वाचं दिसलं? कागद जपून ठेवा. काही महिन्यांनी, शेवटच्या सत्रात, तीच क्लिप दाखवून तेच विचारा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा.

आधीच्या कागदावर "वर्ग शांत होता", "शिक्षिका आत्मविश्वासाने शिकवते", "साहित्य चांगलं वापरलं" अशी वाक्यं असतील. नंतरच्या कागदावर एखाद्या मुलाचे शब्द आले आहेत का, त्यांचा काही अर्थ लावला आहे का, आणि तो अर्थ गणिताचा आहे का, हे पाहा. आधीचा कागद लिहिणाऱ्यालाच परत द्या आणि दोन्ही वाचून फरक त्यालाच सांगू द्या. काही जणांचे दोन्ही कागद सारखेच निघतील. त्यांच्यासोबत पुन्हा एकट्या मुलाच्या क्लिपपासून सुरुवात करा, या वेळी त्यांच्याच वर्गातल्या मुलाच्या.